रिकिबीवाचून

माझी दहावी चालू होती त्या हिवाळ्यात माझ्या वडलांनी, अप्पांनी, हळदीच्या वावरात वाळू टाकली.

आमचं गाव वसमत तालुक्यात, हट्ट्याच्या अलीकडं. वावरातलं घर, गोठा, कडब्याची गंजी या सगळ्याला मिळून आमच्याकडं आखाडा म्हणतात. आमच्या आखाड्याला लागून विहिरीखालचा एक तुकडा होता. गावात सगळ्यात चांगली हळद तिथं यायची. अप्पांनी त्यावर आधी मुरूम दाबून घेतला, मग वाळू पसरली, चारी बाजूंनी गुडघ्याएवढं पांढरं कुंपण केलं. कुंपणाबाहेर तेलाचे रिकामे डबे पांढरे रंगवून ठेवले आणि प्रत्येकावर काळ्या रंगात एकेक इंग्रजी अक्षर काढलं. ए, के, ई, एच. शाळेतले गुरुजी सायकलवरून जाताना थांबले आणि म्हणाले, "अप्पा, एबीसीडी चुकली तुमची."

"न्हाई गुरुजी," अप्पा म्हणाले. "साऱ्या दुनियेत अशीच मांडतात ती."

हे खूळ पुण्यातून आलं होतं. चुलत्यांच्या ऑपरेशनसाठी अप्पा तिथं गेले होते. दवाखान्यात रोग्यापाशी एकालाच थांबू देत, म्हणून हे दिवसभर बाहेर फिरायचे. एका दुपारी एका मैदानाच्या कुंपणाशी ते उभे राहिले, ते अंधार पडेपर्यंत हलले नाहीत.

घोडी आमच्या घराला नवी नव्हती. दाराशी एखादं तट्टू कायम असायचं, आणि माळेगावच्या जत्रेत अप्पा दरसाल घोडे बघायला जायचे, घ्यायचा नसला तरी. लग्नात नाचणारे घोडे तर आम्ही लहानपणापासून बघत आलो. त्यांना हलगी लागते, काठी लागते, तोंडात काटेरी लगाम लागतो. पुण्यात बघितलेलं मात्र अप्पांना नीट सांगताही येत नव्हतं. ते स्वतः उभे राहून, गुडघे उचलून दाखवायचे. "घोडं जागच्या जागी दुडकत व्हतं. नाचत व्हतं म्हन. पर नाचविनारं कुनीच न्हवतं. वरचा माणूस तर झोपल्यावानी गप."

अप्पांना स्वतःला शिकता येण्यासारखं नव्हतं. तरुणपणी गाडीखाली सापडून त्यांचा खुबा मोडलेला, मांडी फाकत नाही. माझा भाऊ तेव्हा पाचवीत होता आणि घोडं शिंकलं तरी पळायचा. राहिले मी.

मला कोणी विचारलं नाही. आमच्या घरात कोणालाच काही विचारायची रीत नव्हती. मायला रोज भाजी कोणती करायची तेही अप्पा वावरातून काय आणतात त्यावर ठरायचं.

घोडी ट्रकमधून आली. शर्यतीतून काढून टाकलेली, उंच, गडद तांबडी. तिच्यामागोमाग उस्ताद आले. हे सैन्याच्या घोडदळातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. आयुष्यभर त्यांनी स्वार शिकवले होते आणि स्वार त्यांना उस्ताद म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. तीन महिन्यांच्या बोलीवर ते आले होते. आखाड्यातली एक खोली त्यांना झाडून दिली.

पहिल्या दिवशी त्यांनी खोगीर कसलं आणि पाय अडकवायच्या दोन्ही रिकिबी काढून खुंटीला टांगल्या.

"मी पाय कुठं ठेवू?" मी विचारलं.

"ठेवायचं न्हाईत. लोंबू द्यायचं."

"अन् लगाम?"

"लगाम मिळवावा लागतो, पोरी."

ते वाळूच्या मधोमध उभे राहिले. त्यांच्या हातात लांब दोरी, दोरीच्या टोकाला घोडी, घोडीवर मी. घोडी त्यांच्याभोवती गोल फिरू लागली. चालीला काही वाटत नाही. दुडकी सुरू झाली की बूड आपटतं, पोट हिसकतं, दात एकमेकांवर वाजतात, आणि धरायला हातात काहीच नसतं. "टाच खाली. खांदं सोड. बघायचं घोडीच्या कानांमधनं. श्वास घे, श्वास कुठं ठेवलास?" असं ते शांतपणे बोलत राहायचे. ओरडले कधीच नाहीत. अर्ध्या वेळानं घोडी फिरवून उलट्या बाजूनं तेच.

मांड्या आतून सोलून निघाल्या. माय तेलात हळद कालवून लावायची.

दहावीचे पेपर संपत आले आणि टाळेबंदी लागली. शेवटचा पेपर झालाच नाही. उस्तादांना गावी जाता येईना, तीन महिन्यांचे सहा झाले. सगळा देश घरात कोंडला गेला आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ वाळूत गोल फिरत होते. ज्याचा फोन येई तो म्हणे, तुझं बरंय बाई, तुला मोकळ्यात घोड्यावर फिरायला मिळतं.

माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचं त्याच उन्हाळ्यात लग्न लावून टाकलं. थोड्या माणसांत होतंय, खर्च वाचतोय, म्हणून. तिला साखऱ्याला दिली, तिकडं सेनगाव तालुक्यात. कोरडवाहू शेती, मोठं घर. तिचा फोन यायचा तो दुपारी, सासू झोपली की. एकदा ती म्हणाली, "तुह्या बापावानी बाप कुनाला न्हाई. आमच्या बापानं सायकल घेऊन देल्ली न्हाई, तुला घोडं देल्लं."

मी काय सांगणार होते तिला? ती सासरी भांडी घासता घासता चोरून बोलत होती. तिला मी सांगायचं का, की बाप मला घोड्यावर बसवतो आणि मला रडू येतं? जगात कोणालाही सांगण्यासारखं ते दुःख नव्हतं. जो ऐकेल तो मलाच शहाणपण शिकवेल, हे मला माहीत होतं. म्हणून ते तसंच आत राहिलं.

मला चांगले मार्क पडले होते. नांदेडला जाऊन सायन्स घ्यायचं माझ्या मनात होतं. शाळेतल्या दोघीतिघी जाणार होत्या, खोलीही बघून ठेवली होती. अप्पांनी वसमतच्या कॉलेजात आर्ट्सला माझं नाव घातलं. "तिथं हजेरीची तकलीफ न्हाई," ते म्हणाले.

मी एकदाच बोलले. ते बांधावर बसून तंबाखू मळत होते. "अप्पा, मला नांदेडला जायचंय. सायन्सला."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "सायन्सची लई लेकरं हायेत बाई. हे कोन करून राहिलंय? साऱ्या जिल्ह्यात दाखव मला एक." आणि त्यांनी वाळूकडं असं बघितलं, जसं लोक नव्या विहिरीला लागलेल्या पाण्याकडं बघतात. मारणारा, शिव्या देणारा बाप असता तर मी भांडले असते. या माणसाशी कसं भांडायचं ते मला येत नव्हतं.

काही महिन्यांनी मायजवळ गेले. हळद शिजत होती त्या दिवसांत. कुकरची वाफ अंगणभर, माय ताडपत्रीवर हळकुंडं पसरत होती.

"माय, मला न्हाई करायचं हे."

"काय न्हाई करायचं?"

"घोडं."

तिनं वर न बघता एक ढेकूळ फोडून बाजूला फेकलं. "माह्या बापानं मला सोळाव्या वर्सी इथं आणून सोडलं. मला कुनी इचारलं व्हतं का? तुला निदान उंचावर बसविलंय. बस गप."

टाळेबंदी उठल्यावर लोक बघायला येऊ लागले. पाहुणे, हट्ट्याचे व्यापारी, गावचे पुढारी, कोणाकोणाचे जावई. अप्पा कुंपणाशी खुर्च्या मांडायचे, चहा यायचा. लोक मोबाईल धरून उभे राहायचे आणि थोड्या वेळानं कंटाळायचे, कारण मी फक्त गोल फिरत होते. कोणीतरी विचारायचंच, "पळवीत न्हाई का?" अप्पा समजावून सांगायचे की पळवणं सोपं असतं. मी कानांमधून बघत राहायचे. खुर्च्यांकडं बघितलं तर खांदा वळतो आणि उस्तादांना ते लगेच कळायचं.

त्यानंतर कधीतरी मला लगाम मिळाला, दोरी सुटली; रिकिबी मात्र वर्षभर खुंटीलाच राहिल्या. मला वाटलं होतं की दोरी सुटल्यावर बरं वाटेल. पण मग डब्यांवरची अक्षरं सुरू झाली. के पासून एक्सवरून एम पर्यंत तिरपं जायचं. सी ला वळायचं. ए मधून आत यायचं, सरळ मधल्या रेषेवर, आणि एक्सवर थांबायचं. एक्स कुठंच लिहिलेला नसतो, तो वाळूच्या बरोबर मध्यात आहे असं धरायचं असतं. तिथं घोडी चारी पायांवर चौरस उभी राहिली पाहिजे. आमची एक मागचा पाय कायम मागं सोडायची. तेवढ्या एका पायासाठी आम्ही कितीतरी सकाळी घालवल्या.

एक सकाळ मात्र वेगळी झाली. पाऊस पडून गेला होता, वाळू घट्ट होती. मी दुडकीत होते आणि काहीही विशेष करत नव्हते, आणि माझ्याखाली घोडीची पाठ वर आली. तव्यावर भाकरी फुगते, तशी. हातातला लगाम हलका झाला. आपटणं थांबलं. तिचं पाऊल कुठं पडतंय ते मला खाली न बघता कळत होतं. उस्ताद एकदम गप्प झाले. चार-दोन वळणं ते टिकलं आणि गेलं.

"कळलं?" ते म्हणाले.

मला कळलं होतं. मला इतका आनंद झाला होता की मी घोडीची मान थोपटतच राहिले. आणि उतरताना मला त्या आनंदाचाच राग आला. इतके दिवस निदान माझं मन यात नव्हतं. आता तेही यांच्यातच जाऊन मिळतंय की काय, अशी मला भीती वाटली.

त्याच दुपारी खोगीर पुसताना मी उस्तादांना विचारलं, "मी सोडून दिलं तर?"

ते पट्ट्यांना साबण लावत होते. "तुझं मन ह्यात न्हाई, हे मला पहिल्या महिन्यापास्नं ठावं हाय."

"मग अप्पांला सांगत काहून न्हाई?"

"म्या का सांगू? तुझं हाय, तू सांगायचंस."

"तुमी तरी कशाला थांबला? टाळेबंदी कधीच उठली."

त्यांनी पट्टा उजेडाकडं धरून बघितला. "घरी गेलो की म्हातारा व्हनार. पोरं शहरात, घराला कुलूप. हितं अजून उस्ताद हाय." मग पट्टा खुंटीला लावत म्हणाले, "तुझ्या मनाचं सांगितलं तर मलाबी जावं लागंल. म्हणून गप हाय म्हण, तुला वाटलं तर."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. आम्ही तिघंही त्या कुंपणात होतो, मी, ते आणि सरळ पळायला जन्मलेली ती घोडी.

दुसऱ्या पावसाळ्यात घोडीचा पुढचा पाय सुजला. शिरेला मार बसला होता. डॉक्टरांनी काही महिने खोगीर ठेवायचं नाही म्हणून सांगितलं. अप्पांचं तोंड उतरलं, आणि मी मनातल्या मनात मोकळा श्वास घेतला. मी वसमतला कॉलेजात जाऊ लागले, रोज, एसटीनं. मुलींच्या घोळक्यात बसले, कॅन्टीनचा वडा खाल्ला, एकीकडून नोट्स उतरवून घेतल्या. वाटायचं, हे चालू राहावं, पाय बरा होऊच नये.

पण एसटीत मला टेकून बसता येईना. सीटला पाठ लावली की पाठ दुखायची. मी आपोआप ताठ, खांदे सोडून, समोरच्या दोन डोक्यांच्या मधून बघत बसायचे. खड्ड्यातून गाडी गेली की सगळे आपटायचे आणि मी कमरेतून तो धक्का जिरवायचे. एका म्हातारीनं न राहवून माझा दंड धरला. "अवं बाई, टेका की. काहून अशा बसल्या? दुखून राहिलं का काही?" सगळी गाडी हसली. मीही हसले. घरी एकटीच असते तर रडले असते. घोडी सुटली तरी शरीर सुटलेलं नव्हतं.

तिचा पाय बरा झाला. मी परत वाळूत गेले.

पुढच्या हिवाळ्यात अप्पांनी पुण्याची स्पर्धा ठरवली. घोडी ट्रकमध्ये चढवली, आम्ही तिघं पुढच्या केबिनमध्ये. अप्पांनी नवा शर्ट शिवला होता, टोपी परीटघडीची. तिथं गेल्यावर मी पहिल्यांदा आमच्यासारखीच दुसरी वाळू बघितली, तीच अक्षरं, फक्त डब्यांच्या जागी फुलांच्या कुंड्या. मोठ्या घरांतल्या मुली होत्या, परदेशातून आणलेले घोडे होते. माझी कोणी थट्टा केली नाही. एकीनं तर माझी वेणी नीट जाळीत बसवून दिली.

आमची परीक्षा अगदी खालच्या इयत्तेची. आत यायचं, थांबायचं, परीक्षकांना मान झुकवायची, दोन्ही बाजूंनी मोठी वर्तुळं, जरा दौड, परत थांबायचं. घोडी कुंडीला बुजली आणि एका कोपऱ्यात वाकडी झाली. बाकी जमलं. एक्सवर ती जवळजवळ चौरस उभी राहिली. निम्म्याच्या जरा वर गुण पडले. उस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणजे त्यांच्या मते ठीक झालं होतं.

अप्पा कुंपणाशी उभे होते. ते आनंदी दिसत नव्हते, दुःखीही नव्हते. वाट बघत असल्यासारखे दिसत होते. दुपारी तिथं एका मोठ्या घोड्यानं ते केलं, जागच्या जागी दुडकी. उस्ताद त्याला पियाफ म्हणायचे. तेव्हा अप्पा पुढं झाले.

"आपलं हे कधी येईल?"

"या घोडीवर येनार न्हाई, अप्पासाहेब," उस्ताद म्हणाले. "तिचं वय गेलं, पायबी तसा राह्यला न्हाई. दुसरं घोडं घ्या, त्याला आठ-धा वर्सं द्या. आन् वरच्या माणसाचं मन पायजे."

"मन हाये की."

उस्ताद माझ्याकडं बघत राहिले. मी बुटांची वाळू झटकत होते. तेव्हा मला कळलं की आता मीच बोलायचं आहे.

"न्हाई, अप्पा," मी म्हटलं.

"काय न्हाई?"

"मन न्हाई माझं."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग घोडीला पाणी दाखवायला गेले.

परतीच्या वाटेवर ट्रक जिथं जिथं थांबला तिथं तिथं ते खाली उतरले, मला चहा आणून दिला, घोडीचा पाय चाचपून बघितला. बोलले मात्र परभणी मागं पडल्यावर.

"सांगायचं व्हतं बाई."

"तुमी कधी विचारलं न्हाई."

उस्ताद खिडकीतून बाहेर बघत होते. अप्पा म्हणाले, "न्हाई इचारलं. बराबर हाय."

होळीच्या सुमारास उस्ताद गावी गेले. जाताना घोडीच्या खुरांचं काय काय करायचं ते मला दोनदा सांगून गेले. अप्पांनी वाळूकडं जाणं बंद केलं. जायचंच झालं तर विहिरीच्या पलीकडून वळसा घालून जायचे. कुंपणात गवत उगवलं. मला कोणी सकाळी उठवत नव्हतं. मी उठत होते तरी, त्याच वेळी, आणि चुलीपाशी नुसती बसत होते.

मोकळं होणं म्हणजे काय ते मला नीट कळायच्या आत स्थळं येऊ लागली.

आधी एक, मग आठवड्याला एक. हिंगोलीचं, जिंतूरचं, एक साखऱ्याचंच, मैत्रिणीच्या सासरच्या भावकीतलं. पोहे, चहा, साडी, मान खाली. मला समजेना की एकदम हे सगळे आले कुठून. मी बारावी होऊन बसले होते, माझ्या वयाच्या कितीतरी जणी कडेवर लेकरू घेऊन माहेरी येत होत्या, आणि इतके दिवस माझ्यासाठी कोणी कसं विचारलं नव्हतं? मी मायला विचारलं.

माय म्हणाली, "इचारत व्हते की. तुह्या बापानं अडवून धरलं. जो येईल त्याला म्हनायचे, पोरीचं घोड्याचं चालू हाय, आत्ता न्हाई. आता घोड्याचं बंद झालं. आता काय म्हनावं त्याह्यनं?"

मी मागच्या दारात जाऊन बसले. समोर ते पांढरं कुंपण दिसत होतं. इतकी वर्षं मला ते बाहेर जाऊ देत नव्हतं, एवढंच मी धरून चालले होते. त्यानं आत कोणालाही येऊ दिलं नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि अप्पांनी ते मला कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्यांना तरी ते तसं वाटत होतं की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोडीवर खोगीर ठेवलं.

यात प्रेम वगैरे काही नव्हतं. आलेल्या पाहुण्यांना सांगायला एक कारण पाहिजे होतं, आणि माझ्यापाशी तेवढंच होतं. दोन कोंडवाड्यांतला एक मी आपण होऊन निवडला. अप्पा विहिरीपाशी आले, थांबले, बघितलं. काही न विचारता ते खुरपं घेऊन कुंपणातलं गवत काढायला बसले.

आता शिकवायला कोणी नव्हतं. भाऊ मोबाईलवर व्हिडिओ काढून द्यायचा, मी तो उस्तादांना पाठवायचे, आणि दोन दिवसांनी त्यांचा फोन यायचा. "डावा हात मेल्यावानी धरलाय." बस, एवढंच. खुर्च्या नव्हत्या, चहा नव्हता. बघणारं कोणी नसल्यामुळं असेल, किंवा उद्या सोडायचं तर सोडता येईल हे माहीत असल्यामुळं असेल, पण मला कधी नव्हे ते दिसायला लागलं की घोडी कुठं आखडते, आणि ती आखडायच्या आधी मीच कुठं आखडलेली असते. मी जबड्यात आखडायचे. ते सोडायला मला पूर्ण हिवाळा लागला.

तरी स्थळं थांबली नाहीत, फक्त कमी झाली. एकदा जिंतूरकडची माणसं थेट आखाड्यावरच आली. मी घोडीवर होते. मुलाचे मामा कुंपणावर हात टेकून उभे राहिले.

"घोड्यावर बसून करता काय तुमी?"

"सरळ चालवते."

"अन् मग?"

"मग थांबवते."

ते अप्पांकडं वळले. "लग्नानंतर हे बंद करावं लागंल बरं का."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "तिला इचारा. मी सांगत नसतो आता."

माणसं चहा न घेता गेली. माय संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलली नाही. अप्पा आखाड्याच्या ओट्यावर बसले आणि मी घोडीला पाणी पाजून आले तेव्हा म्हणाले, "बाई, तुला पायजे तरी काय?"

जन्मात पहिल्यांदा त्यांनी ते विचारलं होतं. सायन्सची दारं कधीच बंद झाली होती. लग्न नको होतं. घोडं पाहिजे होतं असंही म्हणवत नव्हतं. मी हातातली रिकामी बादली उपडी ठेवली.

"दोन वर्षं पाहिजेत," मी शेवटी म्हटलं.

"कशाला?"

"माहीत न्हाई."

त्यांनी थोडा विचार केला. "बरं," म्हणाले. "घे."

ती दोन वर्षं आता संपत आली आहेत. त्याच वसमतच्या कॉलेजातून मी बी.ए. झाले. मायनं अजून मला पुरतं माफ केलेलं नाही, पण मी उतरले की ती भाकरी गरम करून देते. मैत्रीण मध्यंतरी माहेरी आली होती तेव्हा मुलीला घेऊन आखाड्यावर आली. मी तिला ते सगळं सांगितलं, जे तेव्हा फोनवर सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तवा सांगितलं असतंस तर मी तुला शिव्याच देल्या असत्या." आणि आम्ही दोघी हसलो. तिची मुलगी घोडीच्या नाकाला हात लावायला घाबरत होती.

काही सकाळी मी वाळूत जाते तेव्हा ती मला माझी स्वतःची खोली वाटते. काही सकाळी जाते तेव्हा छातीवर पूर्वीसारखाच दगड येऊन बसतो आणि मी खोगीर न ठेवताच परत येते. हे जाईल असं मला वाटायचं. आता वाटत नाही.

गेल्या महिन्यात उस्तादांच्या ओळखीतल्या एकांचा पुण्याहून फोन आला. त्यांच्याकडं लहान मुलांना दोरीवर फिरवायला आणि सकाळी घोडे चालवायला माणूस पाहिजे आहे. राहायला खोली देतील. चांगल्या घोड्यांवर मलाही शिकता येईल, पण तिथंही पहिलं वर्षभर रिकिबी मिळणार नाहीत, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मी विचारलं, कधीपासून? ते म्हणाले, तुम्हाला जमेल तेव्हा.

"हळद शिजली की येते," मी म्हटलं.

अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी पुण्याला थेट गाडी वसमतहून आहे की परभणीहून धरावी लागते ते भावाला मोबाईलवर बघायला सांगितलं. मायनं विचारलं, तिथं जेवणाचं काय. घोडीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.